मिस टेल्फर

टाळ्या सुरू झाल्या, मी खुर्चीवरून उठले, आणि त्याच क्षणी मि. मॅकास्किल यांचा चेहरा खाडकन पडला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. चर्चचा हॉल गच्च भरलेला. डिसेंबरचा उकाडा, आमच्या दक्षिणेकडच्या वसाहतीत हा ऐन उन्हाळा, बायका हातातल्या कागदांनी वारा घेतायत, मागे दुकानदार मंडळी भिंतीला टेकून उभी. शाळा-मंडळाचे अध्यक्ष म्हणून मॅकास्किल व्यासपीठावर होते. त्यांनी नुकताच घसा साफ करून जाहीर केलं होतं, की पोर्ट लॉडरमध्ये मुलींचं जे नवं हायस्कूल निघतंय त्याच्या मुख्याध्यापिका म्हणून मंडळानं मिस टेल्फर यांना नेमलं आहे. हे बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या उजव्या हाताला होती. उजव्या हाताला माझी धाकटी बहीण मॅरियन बसली होती. मी उठले तशी त्यांची नजर गडबडीनं माझ्यावर आली, तोंड थोडं उघडं राहिलं, मग त्यांनी ते मिटलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. दुसरं काय करणार? धर्मोपदेशकांच्या बायकोनं, मिसेस इम्रींनी, माझा हात हातात घेतला होता. मॅरियन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मी मान लववली आणि खाली बसले.

आमच्यात घरातली थोरली बिनलग्नाची मुलगी म्हणजे नुसती मिस टेल्फर. पाठच्या बहिणीला नाव जोडायचं, मिस मॅरियन टेल्फर. थोरली लग्न करून गेली किंवा देवाघरी गेली, की मगच धाकटीला नुसतं आडनाव मिळतं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पत्रावर, चर्चमध्ये, चहाच्या आमंत्रणात, सगळीकडे असंच चालतं. मॅरियन सहा वर्षांची असताना यावरून एकदा भोकाड पसरून रडली होती. म्हणे मला कधी मिस टेल्फर म्हणणार? आई म्हणाली, ताईचं लग्न झालं की. पुढे कितीतरी वर्षं ती गंमतीनं माझ्या मागे लागायची. त्या कापडवाल्या मि. टॉडनं दोन हिवाळे आमच्या दाराशी चिखल तुडवला तेव्हा तर रोज. ‘कर ना ताई त्याच्याशी लग्न, तुला फुकट कापड आणि मला तुझं नाव.’ मी हसायचे. मी टॉडला नाही म्हटलं ते शाळेसाठी म्हटलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आता हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या मला भलताच विचार शिवून गेला: बरं झालं नाही म्हटलं, आज नाव तिच्याकडे असतं.

मॅकास्किलना हे ठाऊक असायचं कारण नाही. विलायतेतल्या स्काय बेटावरून लहानपणी मेंढरांमागून आलेला माणूस. आता तीन डोंगर त्यांच्या मेंढरांखाली आहेत, पण दिवाणखान्यात बसायचं म्हटलं की खुर्चीच्या काठावर बसतात. त्यांच्या लेखी एका घरात दोन बिनलग्नाच्या बहिणी म्हणजे दोन मिस टेल्फर. मंडळाच्या बैठकीत ‘मिस टेल्फर’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे पदवीधर बहीण होती. पदवीचा काळा झगा घातलेली, डनीडनच्या विद्यापीठातून लॅटिन आणि गणित घेऊन आलेली. हे माझ्या एका क्षणात ध्यानात आलं. आणि आणखी एक गोष्ट आली, ती जास्त डाचत राहिली. मंडळानं मला नाकारलं होतं. टेबलाभोवती बसून, माझं नाव घेऊन की न घेता कोण जाणे, पण नाकारलं होतं.

घरी जाताना मॅरियननं माझा हात धरला होता. बंदरावरून वारा सुटला होता, रस्त्यावरची धूळ स्कर्टच्या घेराला लागत होती, आणि ती बोलतच होती. जहाजातून उतरलेले वसाहतकरी पूर्वी जिथे राहायचे त्या जुन्या बराकीत शाळा भरणार, तर खिडक्या मोठ्या करून घ्यायला हव्यात, नकाशे मागवायला हवेत, ताई तू अमुक कर, ताई तू तमुक कर. मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होते. तिनं पाहिलं होतं का? तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो माणूस बोलत होता, तिला कळलं नसेल असं कसं म्हणायचं? पण कळलं असतं तर ती इतकी मोकळी बोलली असती का? तिला पोटात ठेवता येत नाही कधी काही. की आता यायला लागलंय? चार वर्षं डनीडनला राहिली, तिथं काय काय शिकून आली, मला काय माहीत. मिसेस इम्री वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या, ऐकलंत का, मिस टेल्फर. मी प्रत्येक वेळी मान लववत होते. मान लववून लववून मानेला रग लागली.

वडील नदी ओलांडताना घोड्यासकट वाहून गेले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढच्या खोलीतला सोफा आईनं विकला आणि तिथं बाकं टाकली. गावातल्या बऱ्या घरच्या मुली यायला लागल्या. फ्रेंच, शिवण, नकाशे काढणं, पियानो. पियानोची फी वेगळी, आणि आम्ही तगलो ते त्या वेगळ्या फीवर. रोख पैसा गावात कुणाकडे होता? खाटकाची मुलगी फीऐवजी मांडी घेऊन यायची, मेंढीची. लाकूडवाला गाडीभर सरपण टाकायचा. डॉक्टरांनी दोन मुलींच्या वर्षभराच्या फीपोटी आईचे सगळे दात काढले, आणि आई म्हणाली हिशोब फिटला, आता शिकवायला आणखी मुली आणल्या तरी माझ्याकडे दात नाहीत. त्याच खोलीत मी मॅरियनला युक्लिड शिकवला. मी आदल्या दिवशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तिला शिकवायचे. एक दिवस तिनं मला अडवलं. म्हणाली, ताई, याची आणखी सोपी सिद्धता आहे. पाटीवर काढून दाखवली. सोपीच होती. मी तिची पाठ थोपटली, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटची पेज ढवळत बसले, ती करपेपर्यंत. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हेवा वाटायला वय लागत नाही, ना करणाऱ्याला ना ज्याचा करायचा त्याला.

तिला डनीडनला मीच पाठवलं. कुणी म्हणू नये की ग्रिझेल टेल्फरनं बहिणीला मागे ओढलं. माझ्याकडच्या मुलींच्या बोटांनी वाजवलेल्या एकेका सुरावर ती तिथं जेवली, राहिली, शिकली. पदवीच्या दिवशी मी गॅलरीत बसले होते. खाली पोरांचा गोंगाट, शिट्ट्या, कोंबड्याचे आवाज. मग नाव पुकारलं, मॅरियन टेल्फर, आणि तो सगळा दंगा एकदम थांबला, पोरं उभी राहिली. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की हातमोज्याची शिवण उसवली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, तुमची मुलगी का? मी तिच्याहून फक्त अकरा वर्षांनी मोठी. मी हो म्हटलं. का म्हटलं ते देव जाणे. मुलगी असती तर इतकं दुखलं नसतं असं वाटलं असेल.

आणि आता हे हायस्कूल. सरकारनं शाळांसाठी म्हणून डोंगराकडची गवताळ जमीन राखून ठेवलेली आहे. ती मेंढरंवाल्यांना खंडानं द्यायची, आणि जो खंड येईल त्यावर शाळा चालवायची. इतकी वर्षं सगळा खंड मुलांच्या हायस्कूलनं खाल्ला. मुलींसाठी मागितला की म्हणायचे, पुढच्या वर्षी. शेवटी गावातल्या बायकांनी बाजार भरवले, जाम विकले, टोप्या विकल्या, आणि मंडळाला लाज वाटून त्यांनी एक तुकडा मुलींना तोडून दिला. नेमक्या त्याच तुकड्यावर ससे माजलेत. कुणा शहाण्यानं विलायतेहून हौसेनं आणून सोडलेले ससे. आता डोंगरचे डोंगर नागवे झाले, मेंढरांना गवत नाही, लोकरीचा भाव पडलेला, खंडकरी म्हणतो जमीन परत घ्या. म्हणून नव्या शाळेत धड पगाराची जागा एकच, मुख्याध्यापिकेची. दुसऱ्या शिक्षिकेला त्याच्या निम्मंही नाही. आणि ती शाळा उघडली, की माझ्या पुढच्या खोलीत कोण येणार? माझ्या मुली पहिल्या दिवशीच तिकडे जातील, जायलाच हव्यात. मग मी कोण? मिस मॅरियनची बहीण. घर सांभाळते, झग्याला इस्त्री करते, चहाच्या वेळेला दार उघडते. मी हे सगळं त्या हॉलमध्ये उठण्यापूर्वीच घोकून ठेवलं होतं, इतके दिवस रोज घोकत होते. म्हणून तर नाव ऐकताच स्प्रिंगसारखी उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅकास्किल आले. कुत्रा फाटकापाशी बसवला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि अपेक्षेप्रमाणे खुर्चीच्या काठावर बसले. मॅरियन स्वयंपाकघरात होती, दार लोटलेलं होतं. आमची दारं लोटली तरी लागत नाहीत, लाकूड वाकलंय. मॅकास्किल आधी उन्हाबद्दल बोलले, मग सशांबद्दल. मी त्यांना काही मदत केली नाही.

‘घोळ झाला बाई,’ ते अखेर म्हणाले. ‘मंडळाच्या मनात तुमच्या बहीणबाई होत्या. पदवी आहे, परीक्षांना मुली बसवायच्या आहेत. मला काय माहीत तुमच्यात नावाचं असं असतं. आम्ही मेंढराच्या कानावरची खूण बघतो आणि ओळखतो. तुमच्या दोघींच्या कानावर खूण नव्हती.’

त्यांना वाटलं मी हसेन. मी हसले नाही. मी विचारलं, मग आता मंडळाचं म्हणणं काय? ते टोपी फिरवत राहिले. म्हणणं असं होतं, की मीच आपणहून नको म्हणावं. प्रकृती, वय, घरची जबाबदारी, काहीही सांगावं. म्हणजे कुणाचंच हसं होणार नाही. मंडळानं चूक झाली असं जाहीर केलं तर वर्तमानपत्रवाला टपलेलाच आहे. आधीच लोक म्हणतायत, ससे मारायला पैसे नाहीत आणि पोरींना लॅटिन शिकवायला निघालेत. ज्यांना मुख्याध्यापिकेचं नाव धड घेता येत नाही त्यांच्या हाती शाळा कशाला, असं कुणी सभेत उठून म्हटलं, की शाळाच बारगळेल. हे सगळं त्यांनी भाबडेपणानं मला सांगून टाकलं. मेंढरं राखणाऱ्या माणसानं आपल्या कळपाचं फाटक असं उघडं टाकू नये.

‘मि. मॅकास्किल,’ मी म्हणाले, ‘तुम्ही सगळ्या गावासमोर मिस टेल्फर म्हणालात. या घरात मिस टेल्फर एकच आहे. कुणालाही विचारा.’

‘म्हणजे तुम्ही सोडणार नाही.’

‘मी काही घेतलेलं नाही, तर सोडू काय? तुम्ही दिलंय.’

तेवढ्यात मॅरियन चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनं शब्द न् शब्द ऐकलाय. कान लाल झाले होते. लहानपणी मार खाण्याआधी व्हायचे तसे. मॅकास्किलना धीर आला. ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, तुम्हीच सांगा बाई, तुम्ही मिस टेल्फर नाही का? मी ट्रेकडे बघत होते. त्यावर आमचे चांगले कप होते, आईचे. मला वाटलं, आता बोल. एकदा तरी बोल की ही जागा माझी आहे, मला हवी आहे, ताई तू हो बाजूला. तू ओरडलीस तर मीही ओरडेन, आणि मग आपण दोघी समोरासमोर उभ्या राहू, सख्ख्या बहिणींसारख्या. तू जिंकलीस तरी चालेल. खरंच चालेल असं मला त्या क्षणी वाटलं, पुढे वाटलं नाही.

‘माझं नाव मॅरियन,’ ती म्हणाली. ‘मिस टेल्फर ताई आहे.’ आणि तिनं त्यांच्या कपात दूध घातलं.

मॅकास्किल चहा न संपवताच गेले. कुत्रा त्यांच्या मागे गेला. मॅरियन कप विसळायला लागली आणि मी फडकं घेऊन पुसायला उभी राहिले. तिनं ती जागा मला देऊन टाकली होती. जुनी शाल गरिबाला द्यावी, तशी. तिला परवडत होतं. तिच्याजवळ पदवी होती, वय होतं, कुठल्याही गावात तिला उद्या बोलावलं असतं. पुढे ती अर्ज करणार, कुठेतरी मुख्याध्यापिका होणार, आणि लोक म्हणणार काय मनाची मोठी मुलगी. मनाचा मोठेपणा! तोही तिच्याकडेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई म्हणायची, मॅरियनला मागावं लागत नाही. खरंय. आणि तिला देतानाही काही लागत नाही.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाली. बराकीला जंतुनाशक कार्बोलिकचा वास, भिंतींवर वसाहतीला आलेल्या लोकांनी चाकूनं कोरलेली नावं, त्यांवर चुना फासलेला. नव्या बाकांची राळ मुलींच्या स्कर्टांना चिकटत होती. मी सगळ्यांत पुढे उभी होते, काळ्या रेशमी पोशाखात. मॅरियननं झगा घातला नव्हता. मी तिला बजावलं होतं का? नाही. तिचा तिनंच घरी खुंटीला लावून ठेवला होता. घातला असता तर मी चिडले असते. घातला नाही म्हणून जास्त चिडले. प्रार्थना झाली, आणि मुली वर्गात जायच्या तेवढ्यात मॅरियन पुढे येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, ‘ताई, खडूची पेटी कुठे ठेवलीस?’ मागच्या रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. त्यात वाईट असं काही नव्हतं. माझ्याकडच्या जुन्या मुली होत्या, त्यांनी आम्हाला घरात पाहिलेलं. पण माझे कान तापले. मला वाटलं, त्या हसल्या त्या ‘ठेवलीस’ला. मला वाटलं, आता गावभर होणार, मुख्याध्यापिका म्हणे, बहिणीनं दिलेली.

मधल्या सुट्टीत मी तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे बराकीतली जुनी धान्याची खोली, एक टेबल, एक खिडकी. मी बसले होते, ती उभी होती. मी तिला सांगितलं की इथं ताई चालणार नाही. शाळा घर नव्हे.

‘मग काय म्हणू?’ तिनं विचारलं.

‘जे आहे ते. मिस टेल्फर. आणि अहो-जाहो.’

मला वाटलं ती हसेल, किंवा तिला लहानपणचं आठवेल आणि ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘बरं, मिस टेल्फर.’ आणि गेली.

दिवस भरभर गेले. वरच्या वर्गाचं लॅटिन माझ्याकडे, कारण ते मुख्याध्यापिकेकडेच असायला हवं. मी घरी पुढची पानं वाचून जाते, पूर्वी युक्लिड वाचायचे तशी, फक्त आता डोळ्यांना चष्मा लागलाय. लोहाराची मुलगी जेनेट एका वाक्यावर अडली आणि मला विचारू लागली, की हे क्रियापद असं का बदललं. मी तिला म्हटलं, मिस मॅरियनना विचार. तेव्हापासून सगळ्याच मॅरियनलाच विचारतात. पलीकडचा वर्ग तिचा, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत आहे, आवाज आरपार येतो. ती शिकवते तेव्हा मुली हसतात, आणि मग एकदम सगळ्या गप्प होतात, ऐकत असल्यासारख्या. माझ्या वर्गातही शांतता असते. पण ती वेगळी आहे, मला फरक कळतो. मी फळ्याला टेकून उभी राहते आणि ती भिंतीपलीकडची शांतता ऐकत राहते. खंडकऱ्यानं अजून जमीन सोडलेली नाही. पगार वेळेवर येतोय. पत्रांवर माझं नाव असतं. मॅकास्किल रस्त्यात भेटले की टोपी उचलतात, जरा जास्तच उंच. मला जे हवं होतं ते सगळं आहे.

तिनं शाळेत एकदाही चूक केली नाही. मिस टेल्फर, नकाशे आलेत. मिस टेल्फर, तुम्ही सही करता का? मुली तिच्या तोंडून ते ऐकून जास्त अदबीनं वागायला लागल्या हेही खरं. मी मनात म्हणायचे, बघ, कसं शोभतं. रस्त्यानं घरी येताना आम्ही फारसं बोलत नव्हतो, थकलेल्या असायचो दोघी, वाराही तोंडात येतो त्या चढावर. घरी आलं की ती शेगडी पेटवायला जाते आणि मी टेबल मांडते. हल्ली ती मला हाकच मारत नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. काही हवं असलं तर उठून माझ्या समोर येऊन उभी राहायची आणि बोलायची, नावाशिवाय, क्रियापदाशिवायसुद्धा. मीठ? दिवा? मी म्हणायचे, आण. मला वाटलं थकवा असेल.

आज शनिवार. शाळा नव्हती. गार मटण होतं, ऱ्हुबार्बचा जाम होता, आणि बाहेर बंदरात कुठल्यातरी जहाजाची घंटा वाजत होती. तिनं आज सकाळी नेल्सन गावच्या शाळेला अर्ज टाकलाय हे मला पोस्टातल्या बाईकडून कळलं होतं. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी मटण कापत होते आणि ठरवत होते, की आता विचारायचं. मी म्हणणार होते, मॅरियन, अगं जाऊ नकोस. किंवा म्हणणार होते, जा. यांतलं कुठलं तोंडातून येईल ते मला माहीत नव्हतं, पण दोन्हींच्या आधी ती ताई म्हणेल असं मी धरून चालले होते. तिनं म्हटलं की मला बोलता येईल, इतकंच. ती किटली घेऊन उठली. माझ्या खुर्चीशी येऊन थांबली.

‘मिस टेल्फर,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला चहा ओतू?’

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, राग नव्हता. मग कप पुढे केला. तिनं नीट, न सांडता ओतला, आणि साखरेचं भांडं हातात घेऊन मला विचारलं, साखर किती घेता?